‘का’ऐवजी कागद

विश्रांतवाडीच्या चौकातून कुठल्याही बाजूला थोडे पुढे गेले, की एखादे सरकारी कार्यालय लागतेच. येरवड्याच्या अंगाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर सामाजिक न्याय भवन आणि त्यात जात प्रमाणपत्र पडताळणी समिती, फुलेनगरला आरटीओ, शिवाय महापालिकेचे येरवडा-कळस-धानोरी क्षेत्रीय कार्यालय आणि पोलीस ठाणे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवलेला माहिती अधिकाराचा अर्ज देऊन या सगळ्यांना प्रश्न विचारता येतो. (कळस-दिघीकडच्या डीआरडीओच्या संस्थांचे तेवढे निराळे. डीआरडीओ माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत असल्याने तिथे भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे उल्लंघन सोडून इतर काही मागता येत नाही.) माहिती अधिकाराचा केंद्रीय कायदा १२ ऑक्टोबर २००५ रोजी लागू झाला आणि त्याच दिवशी देशातला पहिला अर्ज दाखल झाला तो पुण्यातल्याच एका पोलीस ठाण्यात, शाहिद रझा बर्नी यांचा. त्याला आता वीस वर्षे उलटली. एवढ्या काळात अर्ज करणाऱ्यांना चार उत्तरे तोंडपाठ झाली आहेत: मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची आहे, मोघम आहे, संकलित स्वरूपात उपलब्ध नाही, किंवा त्रयस्थ व्यक्तीची आहे. टोलवाटोलवीची वाक्ये म्हणून ती बदनाम आहेत आणि पुष्कळदा ती तशी असतातही. पण प्रत्येकाच्या मागे कायद्याचा काही ना काही टेकू असतो, आणि तो टेकू बरेचदा अर्जदारानेच आपल्या प्रश्नाच्या रचनेतून पुरवलेला असतो. विचारण्याची एक रीत असते आणि ती शिकण्यात अर्जदाराचाच फायदा आहे. मात्र तीच रीत नियम होऊन उत्तर देणाऱ्याच्या हाती गेली, की तिचा अडसर होतो. महाराष्ट्रात या दोन्ही गोष्टी घडल्या आहेत.

समजा, प्रश्न आळंदी रस्त्यावरच्या बीआरटीचा आहे. संगमवाडी ते विश्रांतवाडी हा रेनबो बीआरटीचा मार्ग ३० ऑगस्ट २०१५ रोजी सुरू झाला. त्यावरच्या एखाद्या थांब्याचे दरवाजे चालत नाहीत, फरशा उखडल्या आहेत. एक नागरिक लिहितो, ‘या थांब्याची दुरवस्था का झाली, याला जबाबदार कोण, आणि जनतेच्या पैशांची ही उधळपट्टी कधी थांबणार?’ दुसरा लिहितो, ‘या थांब्याच्या देखभाल-दुरुस्तीसाठी १ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२५ या काळात दिलेल्या कार्यादेशांच्या प्रती, त्या कामांची मोजमाप पुस्तकातील पाने, अदा केलेली देयके, आणि दोषदायित्व कालावधी नमूद असलेले करारनाम्याचे पान.’ पहिल्या अर्जातला संताप खरा आहे, पण त्याचे उत्तर कुठल्याच कपाटात ठेवलेले नाही. ते तयार करावे लागेल, आणि जो कारकून किंवा अभियंता ते तयार करील तो स्वतःला दोषी ठरवणारे वाक्य लिहून देणार नाही, हे सांगायला नको. दुसऱ्या अर्जात तक्रारीचा एक शब्दही नाही. तरी मोजमाप पुस्तकात काम झाल्याची नोंद असेल आणि थांब्यावर काम दिसत नसेल, तर जबाबदार कोण याचे उत्तर त्या पानावरच्या सहीतून मिळते. काम दोषदायित्वाच्या मुदतीत असेल तर दुरुस्ती कोणाच्या खर्चाने व्हायला हवी, तेही करारनाम्यातच असते. थोडक्यात, दुसऱ्या अर्जदाराने आधी विचार केला आहे तो उत्तराचा नव्हे, उत्तर ज्या कागदावर आहे त्या कागदाचा.

कायद्याची मांडणीच अशी आहे. कलम २ मधली ‘माहिती’ची व्याख्या अभिलेख, दस्तऐवज, आदेश, करार, अहवाल, नमुने अशा अस्तित्वात असलेल्या गोष्टींवर उभी आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ३ एप्रिल २००८ रोजी सेल्सा पिंटो प्रकरणात यातून पुढचा निष्कर्ष काढला. एखादी गोष्ट का केली किंवा का केली नाही, याचे उत्तर म्हणजे समर्थन. ते मागणे न्यायनिवाडा करणाऱ्याच्या प्रांतातले आहे, माहितीच्या व्याख्येत ते बसत नाही, असे त्या निकालाचे सार. तो लिहिणारे न्यायमूर्ती शरद बोबडे पुढे सरन्यायाधीश झाले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या निकालात याच धाग्यावर आणखी एक गाठ मारली: जी माहिती कार्यालयाकडे नाही ती गोळा करून, तिच्यावरून अनुमान काढून किंवा मत बनवून देण्याचे बंधन त्या कार्यालयावर नाही. ‘प्रश्नार्थक’ आणि ‘संकलित नाही’ ही दोन उत्तरे या दोन निकालांच्या पोटातून निघाली आहेत. निकाल आवडोत वा न आवडोत, अर्ज लिहायला बसणाऱ्याला ते टाळून चालत नाही.

गंमत अशी, की संगणकाच्या जगात विचारण्याची जी रीत गेल्या पंचवीस वर्षांत घडली, ती याच्याशी जवळजवळ तंतोतंत जुळते. एरिक रेमंड यांनी २००१ साली शहाणपणाने प्रश्न कसे विचारावेत यावर लिहिलेली मार्गदर्शिका प्रोग्रामर मंडळींत अजूनही नवख्यांच्या हाती दिली जाते. आधी स्वतः शोध घ्या, काय करून पाहिले ते सांगा, एका वेळी एकच प्रश्न विचारा, ‘चालत नाही’ असे मोघम न म्हणता नेमका काय संदेश आला तो जसाच्या तसा लिहा, हा तिचा सूर. २००८ साली जेफ अ‍ॅटवूड आणि जोएल स्पोल्स्की यांनी सुरू केलेल्या स्टॅक ओव्हरफ्लोवर तर ही शिस्त यंत्रणेतच बसवली गेली. प्रश्न आधी विचारलेला असला तर तो बंद होतो, धूसर असला तरी बंद होतो. बिघाड जेवढ्या कमीत कमी ओळींत दिसेल तेवढ्याच ओळी द्या, हा तिथला आग्रह आणि ‘अमुक काळातली मोजमाप पुस्तकाची पाने द्या’ ही मागणी मुळात एकाच जातीची. दोन्हींत उत्तर देणाऱ्याचे शोधण्याचे काम विचारणारा स्वतःच्या अंगावर घेतो. पण साम्य इथे संपते. स्टॅक ओव्हरफ्लोवर उत्तर देणारा फुकट देतो, स्वतःच्या संध्याकाळीतून वेळ काढून देतो. विचारणाऱ्याने त्याची कदर करावी, अशी अपेक्षा रास्तच आहे. क्षेत्रीय कार्यालयातला जन माहिती अधिकारी तसा स्वयंसेवक नाही. तीस दिवसांत उत्तर देणे हे त्याचे कर्तव्य आहे. ते विनाकारण टाळले तर दिवसाला अडीचशे रुपयांप्रमाणे पंचवीस हजारांपर्यंतचा दंड त्याच्या स्वतःच्या खिशातून जातो. तिथल्या अर्जात नेमकेपणा हवा तो उपकाराची परतफेड म्हणून नव्हे, पळवाट बुजवण्यासाठी. हा फरक विसरला की साहेबांची माफी मागत लिहिलेले अर्ज निघतात. ‘कृपया’, ‘विनम्र विनंती’, ‘तसदीबद्दल क्षमस्व’ यांनी निम्मा कागद भरतो आणि मागणी शेवटच्या ओळीत गुदमरते.

नेमक्या मागणीची ताकद सर्वांत जास्त दिसते ती रखडलेल्या फायलीच्या बाबतीत. पडताळणी समितीकडे जात वैधतेसाठी अर्ज केलेला विद्यार्थी घ्या. प्रवेशाची मुदत जवळ आलेली, घरात घालमेल. ‘माझे प्रमाणपत्र का मिळाले नाही’ असे त्याने लिहिले तर ‘प्रकरण कार्यवाहीत आहे’ एवढे उत्तर पुरते, आणि ते खोटेही नसते. त्याऐवजी त्याने मागावे: माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर दाखल झाल्यापासून आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीचा तारीखवार तपशील, नस्ती कोणत्या पदावरील कर्मचाऱ्याकडे कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होती, आणि तिच्यावरील टिपण्यांच्या प्रती. दिल्लीत ‘परिवर्तन’ या संस्थेने रेशन कार्डांच्या कामात ही पद्धत रुळवली. महाराष्ट्रात तिला आणखी एक धार आहे. बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणाऱ्या राज्याच्या २००५ च्या कायद्यात, सरकारी कर्मचाऱ्याने आपल्याकडे फाइल सर्वसाधारणपणे सात कामाच्या दिवसांहून जास्त ठेवू नये, असे कलम १० मध्ये म्हटले आहे. तारखा मागितल्या की त्या सात दिवसांशी ताडून पाहता येतात. हे समोरच्या टेबलावरही ठाऊक असते, म्हणून अशा अर्जाचे उत्तर येण्याआधीच पुष्कळदा फाइल हलते.

उलट बाजूचे उदाहरणही महाराष्ट्रातलेच आहे, आणि ते जास्त शिकवणारे आहे. गिरीश रामचंद्र देशपांडे यांनी २००८ साली भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडे एका अधिकाऱ्याविषयी अर्ज केला. तो अधिकारी पूर्वी अकोल्याच्या कार्यालयात होता. मागण्यांची यादी लांब होती. नेमणूक, पगार, बदल्या, त्याला दिलेले मेमो आणि नोटिसा, मालमत्ता, प्राप्तिकराची विवरणपत्रे. एवढेच नव्हे, तर मुलाच्या लग्नात आलेल्या भेटवस्तूंचा तपशीलही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ३ ऑक्टोबर २०१२ रोजी न्यायालयाने ठरवले, की मेमो, कारणे दाखवा नोटिसा, शिक्षेचे आदेश हा कर्मचारी आणि मालक यांच्यामधला मामला, विवरणपत्रे ही वैयक्तिक माहिती, आणि व्यापक जनहित दाखवल्याशिवाय ती मिळणार नाहीत. ‘त्रयस्थ व्यक्तीची माहिती’ हे उत्तर त्या दिवसापासून राज्यातल्या प्रत्येक कार्यालयाच्या टंकात तयार आहे. निकाल जरुरीपेक्षा संकुचित होता, हे माहिती अधिकाराच्या कार्यकर्त्यांचे म्हणणे मला पटते. सार्वजनिक पदावरच्या माणसाला कर्तव्यातल्या कसुरीसाठी मिळालेली नोटीस खासगी कशी? पण तो मेमो लग्नातल्या भेटवस्तूंच्या पंगतीला बसवला नसता, सार्वजनिक कामातल्या एका विशिष्ट चौकशीच्या अहवालापुरतीच मागणी असती, तर न्यायालयापुढे प्रश्न वेगळ्या चेहऱ्याने उभा राहिला असता. एका अर्जातली सरमिसळ नंतरच्या हजारो अर्जदारांना भोवली. पुढे २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातले वैयक्तिक माहिती नाकारू देणारे हेच पोटकलम आणखी आवळले, तेव्हा ही वाट अधिकच अरुंद झाली.

या सगळ्यावरून कोणी म्हणेल, की मग रीत सक्तीचीच का करू नये? महाराष्ट्र शासनाने नेमके तेच केले. जानेवारी २०१२ मध्ये राज्याच्या नियमांत दुरुस्ती होऊन अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणपणे दीडशे शब्दांच्या आत असावा, असे ठरले. विषय एकाहून जास्त असतील तर अधिकारी पहिल्या विषयापुरतेच उत्तर देऊन बाकीच्यांसाठी वेगळे अर्ज करायला सांगू शकतो. सल्ला म्हणून यात खोट काढण्यासारखे काही नाही. वर दिलेला थांब्याचा दुसरा अर्ज पन्नास शब्दांतही बसतो. घोळ होतो तो ‘एक विषय’ कशाला म्हणायचे ते ठरवण्याचा अधिकार माहिती लपवण्यात ज्याचा स्वार्थ असू शकतो त्याच्याच हाती गेल्याने. कार्यादेश हा एक विषय आणि देयक हा दुसरा, असे कोणी ठरवले तर? त्यावर अपील करता येते, पण पहिले अपील तीस ते पंचेचाळीस दिवस खाते. दुसऱ्या अपिलासाठी राज्य माहिती आयोगाकडे जावे, तर तिथे प्रलंबित प्रकरणांचा आकडा अलीकडच्या वर्षांत लाखाच्या पुढे गेलेला आहे. दहा रुपयांचा प्रश्न अशा रीतीने दोन वर्षांचा होतो. केंद्र सरकारनेही २०१२ मध्येच नियम केले, पण त्यांनी मर्यादा पाचशे शब्दांची ठेवली आणि केवळ शब्द जास्त झाले म्हणून अर्ज फेटाळता येणार नाही, असे सोबतच लिहून टाकले. त्या एका वाक्यामुळे केंद्राचा नियम सल्ला राहतो. महाराष्ट्राच्या नियमात ते वाक्य नाही.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. नेमका प्रश्न विचारायला कार्यादेश म्हणजे काय, मोजमाप पुस्तक कशाला म्हणतात हे आधीच माहीत असावे लागते. फुलेनगरच्या वस्तीतल्या, घरकामाला जाणाऱ्या बाईने हे कुठून शिकायचे? म्हणजे ही रीतही शेवटी शिकल्यासवरलेल्यांचीच मक्तेदारी झाली. आक्षेप खरा आहे आणि स्टॅक ओव्हरफ्लोलाही त्याने गाठले होते. आपली जागा नवख्यांना, स्त्रियांना आणि अल्पसंख्य गटांना परकी वाटते, अशी जाहीर कबुली त्या कंपनीने एप्रिल २०१८ मध्ये दिली आणि त्याच वर्षी वागणुकीची नवी संहिता आणली. आपल्या कायद्याने मात्र हा आक्षेप २००५ सालीच ओळखला होता. ज्याला लिहिता येत नाही त्याची तोंडी विनंती लिहून काढायला वाजवी ती सर्व मदत जन माहिती अधिकाऱ्याने करावी, असे कलम ६(१) च्या परंतुकात आहे. अर्ज चुकीच्या कार्यालयात आला तर तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवण्याची जबाबदारीही त्याचीच. म्हणजे ‘मोघम’ हे उत्तर लिहून हात झटकण्याआधी, नेमके काय हवे आहे ते अर्जदाराला विचारून घेणे कायद्याच्या भावनेला धरून होते. तेवढा एक फोन कितीजण करतात, हे अर्जदारांनाच विचारावे.

मुळात प्रश्न लिहायची गरजच न ठेवणारा उपायही पुण्याने शोधला होता. २००९ मध्ये महापालिकेने दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत नागरिकांना फायली थेट पाहू देण्याची पद्धत सुरू केली. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने ती जिल्हास्तरीय आणि त्याखालच्या कार्यालयांना, महापालिकांनाही लागू झाली. फाइल समोर आली की मोजमाप पुस्तक कसे दिसते ते कळते, कुठल्या पानाची प्रत मागायची ते कळते, आणि मग अर्ज करायचाच झाला तर तो आपोआप नेमका होतो. विचारण्याची रीत शिकवणारी याहून चांगली शाळा मला तरी दिसत नाही. अशा सवलती कार्यालयांना नकोशा का होतात, हे त्यावरूनच समजावे.

अधिकाऱ्यांची बाजू ऐकली तर ते वेगळाच पाढा वाचतात. एकच माणूस शंभर-शंभर अर्ज करतो, कंत्राटदाराला धमकावून पैसे उकळतो, आणि आमचे काम बाजूला राहते. असे अर्जदार आहेत, नाकारण्यात अर्थ नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ च्या त्याच निकालात, सरकारी यंत्रणेचा बराचसा वेळ माहिती पुरवण्यातच जावा अशी स्थिती येऊ नये, असे बजावले होते. पण यावर विचारणाऱ्याची ओळख आणि हेतू तपासणे हा उतारा असू शकत नाही. माहिती का हवी ते सांगण्याची सक्ती कलम ६(२) ने मुद्दाम काढून टाकली आहे. ती का काढावी लागते, हे तळेगाव दाभाड्याच्या सतीश शेट्टींची आठवण ज्यांना आहे त्यांना समजावून सांगावे लागत नाही. जमिनींच्या व्यवहारांचे कागद मागणाऱ्या या कार्यकर्त्याचा १३ जानेवारी २०१० रोजी खून झाला. खंडणीखोराचे भांडवल कुठले, तर जो कागद फक्त त्याच्याच हाती आहे तो. तोच कागद सर्वांसाठी उघडा असला की धमकीला किंमत उरत नाही. कलम ४ नेमके तेच सांगते: सतरा प्रकारची माहिती कोणी मागण्याआधीच प्रसिद्ध करा.

आणि ‘का’चे काय? नागरिकाच्या मनातला खरा प्रश्न बहुधा तोच असतो. तो विचारूच नका म्हणणे म्हणजे कायद्याचा प्राण काढून घेणे, असे काहींना वाटते. माझ्या मते ‘का’ हा प्रश्न कायद्याने हद्दपार केलेला नाही, फक्त त्याचा पत्ता बदलला आहे. प्रशासकीय आणि न्यायिकवत निर्णयांमागची कारणे त्या निर्णयाची झळ बसलेल्या व्यक्तींना द्यावीत, असे कलम ४(१)(घ) स्पष्ट सांगते. ज्याचा दावा समितीने फेटाळला तो विद्यार्थी या कलमाचा उल्लेख करून कारणे हक्काने मागू शकतो. बाकीच्यांसाठी ‘का’ राहते ते फायलीच्या डाव्या बाजूच्या टिपण्यांत. कनिष्ठ अभियंत्याने काय सुचवले, वरिष्ठाने ते कुठल्या शब्दांत फिरवले, शेवटची सही कोणत्या दिवशी झाली. २००६ च्या जुलैत केंद्रीय मंत्रिमंडळाने या टिपण्याच कायद्याबाहेर काढायचे ठरवले होते. त्याविरुद्ध अण्णा हजारे ९ ऑगस्टला आळंदीत उपोषणाला बसले, आणि सरकारने पाऊल मागे घेतल्यावर १९ ऑगस्टला त्यांनी ते सोडले. विश्रांतवाडीहून दिघीमार्गे सरळ जाणाऱ्या रस्त्याच्या टोकाला हे घडले. टिपण्या कायद्यातच राहिल्या. त्यामुळे ‘प्रश्नार्थक’ असा शेरा बसू नये म्हणून ‘का’ खोडून तिथे ‘या निर्णयाच्या नस्तीतील सर्व टिपण्यांच्या साक्षांकित प्रती’ असे लिहिले, तर अर्जदार काहीही गमावत नाही. उलट समर्थनाऐवजी त्याला पुरावा मिळतो.

एका बाबतीत मात्र प्रोग्रामर मंडळी आपल्याहून खूप पुढे आहेत. त्यांच्याकडे एकदा दिलेले उत्तर सर्वांसाठी उघडे राहते आणि शोधले की सापडते. ‘आधी शोधा, मग विचारा’ असे नवख्याला बजावण्याचा नैतिक अधिकार त्यांना त्यामुळेच आहे. आपल्याकडे थांब्याच्या कार्यादेशाची प्रत एका अर्जदाराच्या पिशवीत जाते. सहा महिन्यांनी धानोरीचा दुसरा कोणी तोच कागद मागतो, तेव्हा तोच लिपिक तीच फाइल पुन्हा काढतो आणि पुन्हा पानाला दोन रुपये घेतो. केंद्राच्या कार्मिक विभागाने १५ एप्रिल २०१३ च्या ज्ञापनात आपल्या कार्यालयांना सांगितले होते, की आलेले अर्ज आणि दिलेली उत्तरे, वैयक्तिक स्वरूपाची वगळून, संकेतस्थळावर शब्दाने शोधता येतील अशी ठेवावीत. क्षेत्रीय कार्यालयांनी एवढे केले, तर तोच तो अर्ज पुन्हा करणाऱ्याला ‘आधी शोधा’ असे सांगण्याचा हक्क जन माहिती अधिकाऱ्यांनाही मिळेल. आज तो त्यांना नाही.